काड्यापेटीएवढा तुकडा

९ जानेवारी

दादा,

हे पत्र मी पाठीवर पडून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर उतरणीला लागलं तर चालवून घे. डॉक्टरीणबाईंनी बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही असं बजावलंय. मागच्या दोन्ही वेळी जे झालं ते या वेळी होऊ नये म्हणून मीही निमूट ऐकते आहे. अख्ख्या हॉस्पिटलला काय खा आणि काय खाऊ नका ते सांगणारी मी, आता नवऱ्याने पुढे ठेवलेलं ताट संपवते आणि भिंतीकडे बघते. फोन खाली घरमालकांकडे आहे आणि जिन्याचं नावही काढायचं नाही. तसाही बाबांना फोनचा काय उपयोग? जन्मभर बॉयलरवर हातोडे मारून कान गेलेले. तेव्हा पत्रंच बरी.

बाबा हॉस्पिटलातून घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझा प्रश्न असा की किडनीच्या माणसाला मांस द्यायचं तर कुठलं. ऐक. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीत चरबी सगळ्यांत कमी आणि प्रथिनं भरपूर. टर्की जवळपास तशीच. बकऱ्याच्या मागच्या पायाचा तुकडा नीट साफ केला तर लोक समजतात तेवढी चरबी त्यात नसते, आणि लोह कोंबडीपेक्षा चांगलंच जास्त. पण बाबांच्या बाबतीत ज्यात जास्त ते चांगलं, हा हिशोबच चालत नाही. प्रथिनं जास्त झाली की किडनीवर ताण पडतो. म्हणून कुठलंही घ्या, पण काड्यापेटीएवढा तुकडा, तोही दिवसातून एकदाच. आधी उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. त्यात फॉस्फरस उतरतो. मीठ जवळजवळ नाहीच.

हे आईला स्वयंपाकघरात चिकटवून ठेवायला सांग. बाबांना सांग, भांडू नका.

छोटी


१८ जानेवारी

प्रिय छोटे,

तुझा कागद आईने शेगडीच्या वर लावला आहे आणि ती त्याच्याकडे बघूनच पातेलं उचलते. बाबांचा हात अजून थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहितो. त्यांचा निरोप जसाच्या तसा देतो.

"तिला लिही, कोंबडीची छाती म्हणजे ओला पुठ्ठा आहे. आणि पाणी फेकल्यावर तर पुठ्ठ्याचासुद्धा वास जातो. वीस वर्षं शिकवलं पोरीला, ती बापाला पुठ्ठा खायला घालण्यासाठी का?"

मी म्हटलं एवढं लिहू नका, ती पलंगावर पडली आहे. तर म्हणाले, "म्हणूनच लिही. हसली तर बाळालाही हसू येईल."

कोपऱ्यावरच्या मटणवाल्या काकांनी आता ससे ठेवायला सुरुवात केली आहे. बाबांच्या डोक्यात ससा बसलाय. तो चालेल का? आई म्हणते, छोटीने लिहिलं तरच आणायचा. घरात आता तुझंच राज्य आहे.

माझं बरं चाललंय. दुकानात चष्म्याच्या काचा घासून घासून बोटांना कातडी उरलेली नाही, पण लोकांना दिसतंय म्हणजे झालं.

दादा


२७ जानेवारी

दादा,

मी खरोखर हसले. नवरा धावत आला, त्याला वाटलं कळा सुरू झाल्या.

बाबांना सांग, ससा चालेल. ससा खरं तर फार गुणी आहे. चरबी कोंबडीच्या छातीहून जरा जास्त, पण तरी कमीच. प्रथिनं तेवढीच, मीठ अंगचंच कमी, बी-बारा भरपूर. मांस मऊ असतं, दाताला त्रास नाही. पण आकार तोच. काड्यापेटी. ससा आवडला म्हणून दोन काड्यापेट्या करायच्या नाहीत. बदक मागतील, ते देऊ नका. आणि आईने तुकडा कापताना हात सैल सोडायचा नाही. मी तिला ओळखते, ती कोपऱ्यातला मोठा तुकडा हळूच त्यांच्या ताटात सरकवते.

डॉक्टरीणबाई परवा घरी येऊन तपासून गेल्या. बाळ ठीक आहे. मला म्हणाल्या, "मनावर कसलाही ताण घेऊ नका." मी म्हटलं, इथे ताण घ्यायला आहेच काय, भिंत आणि मी.

बाबांच्या पुढच्या निरोपाची वाट बघते.

छोटी


२१ फेब्रुवारी

प्रिय छोटे,

पत्राला उशीर झाला. दुकानात काम फार आलं होतं. इकडे सगळं ठीक आहे. बाबा ठीक आहेत. सांगितलं तसं खातात. ससा आवडला म्हणाले.

एक विचारायचं होतं. लोह सगळ्यांत जास्त कशात असतं? चेहरा जरा पांढरट दिसतो, नखंही. जिना चढलं की दम लागतो. तुझ्या कागदात बकऱ्याच्या पायाचं लिहिलं होतंस, ते सुरू करू का?

तू स्वतःची काळजी घे. बाकी कसलाही विचार करू नकोस.

दादा


२ मार्च

दादा,

पत्र मिळालं. बाबांचा निरोप एका ओळीचा? "आवडला म्हणाले"? बाबा असं बोलतात का कधी? सशाला त्यांनी काहीतरी नाव ठेवलं असणार आणि ते तू माझ्यापासून लपवतोयस. पुढच्या वेळी सगळं लिही, शिव्यांसकट.

चेहरा पांढरा पडणं हे किडनीच्या माणसात होतंच. रक्त कमी बनतं. हॉस्पिटलात नेऊन तपासून घ्या आणि रिपोर्ट मला पाठव. तोवर आठवड्यातून तीनदा कोंबडीऐवजी बकऱ्याच्या पायाचा तुकडा द्या. त्यात लोह जास्त. पण आकार वाढवायचा नाही.

आमच्याकडे नवऱ्याला मागच्या महिन्यात अचानक शाळेच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. तीन दिवस शेजारच्या बाई येऊन बसत होत्या. आल्यापासून तो गप्प आहे. विचारलं तर म्हणतो थकलोय. मुलांना भूगोल शिकवणाऱ्याला कसलं एवढं प्रशिक्षण देतात कोण जाणे.

बाबांना एक कागद दे आणि काहीतरी खरडायला सांग. हात थरथरला तरी चालेल. रेघा मारल्या तरी मी वाचीन.

छोटी


१९ मार्च

प्रिय छोटे,

हॉस्पिटलात जायला नकार आहे. ऐकायचंच नाही असं ठरवलंय. खरडण्याचं सांगितलं, पण हात उचलत नाही.

बकऱ्याचा पाय सुरू केला. तरी फरक नाही. केस फार गळतात. संध्याकाळी पाय सुजतात. मांड्या हाताला लागतात एवढ्या बारीक झाल्या आहेत. खुर्चीतून उठताना दोनदा प्रयत्न करावा लागतो.

छोटे, तुकडा जरा मोठा केला तर? आणि ते उकळलेलं पाणी फेकण्याऐवजी प्यायला दिलं तर? तू फक्त हो म्हण. कागदावर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी ते दाखवू शकेन. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकलं जात नाही.

दादा


२८ मार्च

दादा,

नाही म्हणजे नाही. पाय सुजताहेत म्हणजे किडनी आणखी दमली आहे, आणि तू त्यांच्यासमोर प्रथिनांचं ताट वाढायचं म्हणतोस. पाणी तर अजिबात प्यायला द्यायचं नाही. उलट आठवडाभर तुकडा अर्धा करा. हे मी मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवते आहे, तो आईच्या हातात दे. तू मायेने वाहवत जाशील, आई जाणार नाही.

मला माहीत आहे तुला बघवत नाही. मलाही इथून काही करता येत नाही. पण या एका गोष्टीत माझ्यावर विश्वास ठेव. माझं कामच हे आहे.

महिनाभर राहिला आहे माझा. बाबांना सांग, नात की नातू ते बघायला ताठ बसलेले दिसायला हवेत.

छोटी


५ मे

दादा,

मुलगी झाली. हे तुला माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी कळवलं असणार. तुम्ही एकमेकांना बरंच काही कळवत होता असं दिसतं.

मला पायांवर उभं राहायला परवानगी मिळाली तेव्हा मी पहिली कुठे गेले असेन? हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फोन आहे, तिथे. मटणवाल्या काकांच्या दुकानात लावला. बाबांना ऐकू येणार नाही, पण मटणवाले काका घरी जाऊन ओरडून सांगतील, आई दुकानात येऊन बोलेल, असं मनात होतं. काकांनी आवाज लगेच ओळखला. मी म्हटलं, "काका, मुलगी झाली." ते म्हणाले, "देवाची कृपा. बाबा असते तर अख्ख्या गल्लीत नाचले असते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "असते म्हणजे?"

काका म्हणाले, "पोरी, तुला सांगितलं ना घरच्यांनी? फेब्रुवारीत गेले ते. तुझे यजमान आले होते की खांदा द्यायला." त्यांना वाटलं मी रडते आहे, म्हणून ते धीर द्यायला पुढे बोलत राहिले. "आईंची मात्र काळजी वाटते बघ. तो एवढासा तुकडा त्यांच्यासाठीच जातो रोज. मी म्हणतो ताई, जरा मोठा घ्या, तर म्हणतात मुलीने लिहिलंय एवढाच. परवा न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात आहेत अजून. हेही नाही का सांगितलं?"

मी फोन जागेवर ठेवला. परिचारिकेने मला खुर्चीवर बसवलं. बाळ आत रडत होतं, दूध पाजायला बोलावत होते. मी गेले आणि पाजलं. आईपण असंच सुरू झालं माझं.

पांढरी नखं आईची होती. गळणारे केस आईचे. बारीक झालेल्या मांड्या आईच्या. तू मला एका माणसाचं दुखणं दुसऱ्याच्या नावाने लिहून पाठवलंस आणि माझ्याकडून उत्तर मागवलंस. आईची किडनी ठणठणीत आहे, दादा. पाय सुजले ते किडनीने नव्हे, अन्न कमी पडल्याने. तिला सशाचा, बकऱ्याचा, टर्कीचा, कशाचाही तळहाताएवढा तुकडा दोन्ही वेळा द्यायला हवा होता. ते पाणी एक थेंब न सांडता पाजायला हवं होतं. अंडी, दूध, सगळं. माझ्याकडे असा पेशंट आला असता तर मी पहिल्या दिवशी ओळखलं असतं. आणि मी काय केलं? तुकडा अर्धा करा म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

तू माझ्या हातून माझ्या आईला उपाशी ठेवलंस. 

बाबांबद्दल मी आज काही लिहू शकत नाही.

छोटी


१४ मे

प्रिय छोटे,

जे झालं ते सरळ सांगतो.

बाबा सहा फेब्रुवारीला सकाळी गेले. चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि आई कप न्यायला आली तेव्हा गेलेले होते. त्रास झाला नाही. मी लगेच तुमच्या घरमालकांकडे फोन केला. तुझा नवरा बोलला. तो म्हणाला, आधी डॉक्टरीणबाईंना विचारतो. त्यांनी सांगितलं, आत्ता असा धक्का बसला तर हेही मूल हातचं जाऊ शकतं. आईला मी विचारलं. ती म्हणाली, "गेलेला माणूस परत येत नाही. येणाऱ्याला येऊ दे. तिला सांगायचं नाही." आम्ही तिघांनी ठरवलं. मी एकट्याने नाही.

त्यानंतर आईने वेगळं जेवणच सोडलं. बाबांचा तुकडा रोजच्यासारखा शिजवायची, पाणी फेकायची आणि त्यांच्या जागेवर बसून तो खायची. दुसरं काही पुढे ठेवलं तर सरकवून द्यायची. म्हणायची, "छोटीने याच घरासाठी लिहिलंय." मी भांडलो, ओरडलो, डॉक्टरांना घरी आणलं तर ती दार लावून बसली. तुझं मात्र ऐकायची. तुझं पत्र आलं की दोनदा वाचायची. म्हणून मी तुला विचारलं की मोठा तुकडा चालेल का. तुझा एक होकार मिळाला असता तर मी तो तिच्यासमोर धरला असता. तुझा नकार आला आणि तो तिने माझ्यासमोर धरला. "बघ," म्हणाली. एवढंच.

आईसाठी म्हणून विचारायला हवं होतं, हे आज कळतंय. पण तसं विचारलं असतं तर तू लगेच लिहिलं असतंस, आईला काय झालं, बाबा कुठे आहेत, त्यांचा निरोप का नाही... तू थांबली असतीस का? एक खोटं सांभाळायला दुसरं लागलं आणि मी त्यातच फिरत राहिलो.

तू आमच्यावर रागाव. पण मुलगी सुखरूप आहे, आणि ती असावी म्हणूनच आम्ही गप्प राहिलो, एवढं तरी मान.

दादा


२३ मे

दादा,

मानते. मुलगी माझ्या कुशीत आहे, आणि ती आहे म्हणून तुम्हाला दोष देण्याची सोय मला उरलेली नाही. हीच तर मेख आहे. तुम्ही मला असं काही दिलंत की ते हातात धरून तुमच्यावर ओरडताही येत नाही.

पण एक सांग. मला सांगायचं नाही हे तुम्ही ठरवलंत, ते एक वेळ समजलं. बाबांच्या तोंडी वाक्यं घालायची परवानगी तुला कुणी दिली? "ससा आवडला म्हणाले." मी त्या एका ओळीवर दहा दिवस जगले. पलंगावर पडून मी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, ससा खाताना. माझे वडील गेले होते आणि मी त्यांच्या जेवणाची चव ठरवत होते. शेजारी बसून माझा नवरा माझे पाय चेपत होता, त्याला सगळं माहीत होतं. माझ्या बोलण्याला तो हूं म्हणत होता. आता तो बाळाचं काही विचारतो, मी सांगते. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही.

तू म्हणतोस मी थांबले नसते. बरोबर आहे. आईला काय झालं म्हणून मी हट्ट धरला असता, कदाचित कळलंही असतं. पण तू शेजारच्या बाईंच्या नावाने विचारू शकला असतास. दुकानात येणाऱ्या कुठल्याही म्हातारीच्या नावाने. "किडनी चांगली असलेल्या बाईला काय द्यावं," एवढी एक ओळ. खोटं बोलायचंच होतं तर निदान असं बोलायचं, की त्यातून आईच्या पोटात चार घास जातील.

मी पुढच्या आठवड्यात येते आहे, बाळाला घेऊन. आईला दवाखान्यातून थेट इकडे आणणार. माझ्या हॉस्पिटलातल्या हाडाच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. तू दुकानात असशील अशा वेळेला मी येईन. आईचे कपडे बांधून ठेव.

छोटी


३० जून

प्रिय छोटे,

तू आलीस आणि गेलीस. घरी आलो तेव्हा आईच्या कपड्यांचं गाठोडं जागेवर नव्हतं आणि बाबांची खुर्चीही तू घेऊन गेली होतीस. ते बरं केलंस.

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तुझ्या नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, तिने मला काही सांगायला मना केलंय. मटणवाले काका रोज विचारतात. मी त्यांना सांगतो, बऱ्या आहेत. मला ठाऊक नाही तरी सांगतो.

मला एवढंच कळव, आई कशी आहे. चालते का? माझं नाव काढते का? तू काहीही लिही, मी ऐकीन.

दादा


११ जुलै

दादा,

तुझं पत्र कितीतरी दिवस उशीखाली ठेवलं होतं. उत्तर काय द्यायचं ते सुचत नव्हतं असं नाही. सुचत होतं, आणि तेच भीतीचं होतं. मी लिहू शकले असते, आई छान आहे, काठी घेऊन अंगणात फिरते, तुझी आठवण काढते. कागदावर तसं लिहिलंही. वाचून बघितलं. अगदी तुझ्या पत्रासारखं दिसत होतं. फाडून टाकलं.

तर जे आहे ते ऐक. हाड नीट जुळलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, शरीरात जुळवायला काही शिल्लकच नव्हतं. दुसरी शस्त्रक्रिया झेपेल इतकं बळ तिच्यात येईल का ते पुढच्या महिन्यात ठरवू. न आलं तर ती पुन्हा चालणार नाही. मी सगळं देते आहे. सकाळी अंडं, दुपारी कोंबडी किंवा मासा, संध्याकाळी बकऱ्याच्या पायाचं बारीक केलेलं मांस, त्याच्याच पाण्यात शिजवलेलं. वजन थोडं वाढलंय, नखांना रंग येतोय. पहिले कित्येक दिवस ती तोंड मिटून बसायची. मग मी तिला सांगितलं, "आई, तो कागद बाबांसाठी होता. हा तुझ्यासाठी आहे." तेव्हा ती पहिल्यांदा बाबांसाठी रडली. माझ्यासमोर, मोठ्याने. आम्ही दोघीही रडलो. फेब्रुवारीत तुम्ही रडलात ते रडणं मला जूनमध्ये मिळालं.

तुझं नाव ती काढते. रोज. दादा जेवला असेल का, असं विचारते. मी उत्तर देत नाही, पण ती विचारते हे तुला कळायला हवं.

मी तुला क्षमा केलेली नाही. करीन की नाही तेही सांगता येत नाही, आणि तसं वचन देऊन तुला बरं वाटायला लावणार नाही. पण शस्त्रक्रियेचा निर्णय होईल त्या दिवशी तू इथे असायला हवास. वाईट असलं तर ते तुला माझ्या पत्रातून नको, डॉक्टरांच्या तोंडून कळू दे, आईच्या पलंगाशी उभा राहून. तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करीन.

येताना काही आणू नकोस. दार मी उघडीन. बोलेनच असं नाही.

छोटी